वाकण्याचा हिशेब

अंध वाचक संगणकाला जोडून जो ब्रेल डिस्प्ले वापरतात, तो म्हणजे कीबोर्डच्या अलीकडे ठेवलेली एक लांबट पेटी. तिच्या माथ्यावर बारीक भोकांच्या रांगा असतात. पडद्यावरची ओळ बदलली की काही भोकांतून प्लॅस्टिकच्या खुंट्या वर येतात, काही आत जातात, आणि वाचणाऱ्याचं बोट त्यांच्यावरून सरकत पुढे जातं. कागदावरच्या ब्रेलमध्ये एका अक्षराच्या जागेत सहा ठिपके मावतात, या यंत्रात आठ. म्हणजे चाळीस अक्षरांच्या डिस्प्लेत 320 खुंट्या. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांत अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर, आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे सुमारे अर्धा मिलिमीटर वर उचलायचा. एवढ्याशा जागेत 320 मोटारी बसवणं कोणाच्या बापाला जमणार नाही.

त्याऐवजी प्रत्येक खुंटीखाली सिरॅमिकची एक पातळ, अरुंद पट्टी असते. एका टोकाला ती घट्ट जखडलेली असते आणि दुसऱ्या, मोकळ्या टोकावर खुंटी टेकलेली असते. पट्टीला सुमारे 200 व्होल्ट दिले की ती किंचित वाकते आणि खुंटी वर जाते. आवाज जवळपास नाही, फिरणारा भाग एकही नाही, आणि वाकून राहण्यासाठी वीजही नगण्य लागते.

यात गोम अशी की वाचकाचं बोट त्या खुंटीवर टेकतं. मोकळी असताना पट्टी छान वाकली आणि बोटाच्या वजनाने पुन्हा सरळ झाली, तर तो ठिपका असून नसल्यासारखा. तेव्हा प्रश्न दोन आहेत: वीज दिल्यावर पट्टी किती वाकेल, आणि टोकावर भार आल्यावर त्यातलं किती शिल्लक राहील? पट्टी बनवण्याआधी कागदावर या प्रश्नांची उत्तरं काढता येतात. ती कशी काढतात, आणि कुठे चुकतात, ते या प्रकरणात पाहू.

सुरुवात 1880 सालच्या पॅरिसमध्ये झाली. पिएर क्युरी तेव्हा 21 वर्षांचे होते, थोरले बंधू झाक 24 वर्षांचे. क्वार्ट्झ, टूर्मलिन, रोशेल सॉल्ट अशा काही स्फटिकांवर ठरावीक दिशेने दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार उमटतो, हे या दोघांनी दाखवलं. याला पिझोइलेक्ट्रिक गुण म्हणतात. उलट बाजू मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. दाबल्यावर वीज निघते, तर वीज दिल्यावर स्फटिकाचा आकारही बदललाच पाहिजे, असं 1881 मध्ये गाब्रिएल लिपमन यांनी निव्वळ उष्मागतिकीच्या नियमांवरून सांगितलं. क्युरी बंधूंनी त्याच वर्षी प्रयोग करून ते खरं असल्याचं दाखवलं. पुढे मारी क्युरी यांनी युरेनियमच्या किरणांचं मोजमाप केलं ते याच गुणाच्या आधारे. क्वार्ट्झच्या पातळ पट्टीला वजनं टांगायची, त्यातून निघणारा विद्युतभार अचूक माहीत असतो, आणि त्याच्याशी किरणांमुळे निर्माण झालेला विद्युतभार तोलायचा. रेडियमच्या शोधामागे वजनं टांगलेली एक पिझोइलेक्ट्रिक पट्टी उभी आहे, हे पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत.

आजच्या पट्ट्या क्वार्ट्झच्या नसतात. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनवलेलं, पीझेडटी या नावाने ओळखलं जाणारं सिरॅमिक 1950च्या दशकात पुढे आलं आणि त्याने बाजार काबीज केला. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये ठिणगी पाडणारा तुकडा त्याच कुळातला. भट्टीतून निघालेल्या सिरॅमिकमध्ये हा गुण आपोआप येत नाही. त्याला गरम करून जोरदार विद्युतक्षेत्रात ठेवावं लागतं. मग त्याच्या आतले असंख्य सूक्ष्म प्रदेश बऱ्याच अंशी एका दिशेला वळतात आणि थंड झाल्यावरही तसेच राहतात. या दिशेला ध्रुवणाची दिशा म्हणू. पट्टीच्या जाडीतून, या दिशेने विद्युतक्षेत्र दिलं की पट्टी जाड होते आणि लांबीत आखडते. उलट दिलं की लांबीत वाढते.

किती वाढते? हिशेबासाठी एक पट्टी घेऊ: लांबी 30 मिलिमीटर, जाडी पाव मिलिमीटर, आणि तिला 100 व्होल्ट. चांगल्या मऊ जातीच्या पीझेडटीचा गुणांक, म्हणजे विद्युतक्षेत्रामागे लांबी किती बदलते तो आकडा, धरला तर लांबीत बदल होतो दहा हजारात एक भाग. म्हणजे 3 मायक्रॉन, मिलिमीटरचे तीन हजारांश. आपल्याला हवा अर्धा मिलिमीटर. दीडशेपटींहून जास्त तफावत.

ही तफावत भरून काढण्याची युक्ती म्हणजे थर. अशा दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या आणि तारा अशा जोडायच्या की एक आखडेल तेव्हा दुसरी वाढेल. दोघींनाही आपल्या मनाजोगती लांबी हवी, आणि डिंक त्यांना एकमेकींपासून सुटू देत नाही. मग दोघींना सोसेल असा एकच मार्ग उरतो: वाकायचं. क्वार्ट्झच्या दोन पातळ पट्ट्या जोडून हा प्रयोग क्युरी बंधूंनीही केला होता. पण त्याचा धंदा केला तो अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ब्रश कंपनीने, 1930च्या सुमारास, रोशेल सॉल्टच्या जोडपट्ट्या विकून. जुन्या ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकअपमध्ये सुईची थरथर विजेत बदलणारी हीच पट्टी. रोशेल सॉल्ट पाण्यात विरघळतं आणि पन्नास-पंचावन्न अंश तापमानाला हतबल होतं. कोकणातल्या पावसाळ्याशी त्याचं फार जमलं नसतं.

गंमत म्हणजे या पट्टीचं गणित विजेच्या अभ्यासकाने मांडलेलं नाही. ते उष्णतेच्या दारातून आलं. इस्त्रीचं तापमान ठरावीक मर्यादेवर गेलं की वीज तोडणारी दुहेरी धातूची पट्टी बहुतेकांना ठाऊक असते. दोन धातू, तापल्यावर वेगवेगळे पसरतात, म्हणून पट्टी वाकते. युक्रेनमध्ये जन्मलेले आणि 1922 मध्ये अमेरिकेत गेलेले स्टीफन टिमोशेंको हे संरचनाशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी 1925 मध्ये या पट्टीच्या वाकण्याचं सूत्र प्रसिद्ध केलं. त्यात 'तापल्यामुळे होणारं प्रसरण' खोडून तिथे 'विजेमुळे होणारं प्रसरण' लिहिलं की ते आपल्या पट्टीला जसंच्या तसं लागू पडतं. थर एकमेकांपासून वेगळी लांबी का मागतात याच्याशी सूत्राला कर्तव्य नाही. मागतात एवढंच त्याला पुरतं.

सूत्राचा पाया दोन साध्या अटींचा आहे. बाहेरून कोणी ओढत नसेल तर पट्टीच्या कोणत्याही आडव्या छेदावरच्या ओढींची बेरीज शून्य यायला हवी, आणि त्या ओढींच्या मोमेंटची, म्हणजे वाकवण्याच्या जोराची, बेरीजही शून्य. जोडीला ऑयलर आणि बर्नुली यांच्या काळापासून चालत आलेलं एक गृहीतक: वाकण्याआधी सपाट असलेला छेद वाकल्यावरही सपाटच राहतो. दोन्ही थर सारख्या जाडीचे आणि सारख्या कडकपणाचे असतील तर सगळी आकडेमोड आटोपून एका ओळीत उत्तर येतं. दोन थर मोकळे असते तर त्यांच्या लांबीत जो सापेक्ष फरक पडला असता त्याची दीडपट करा आणि पट्टीच्या एकूण जाडीने भागा. आलेला आकडा म्हणजे वक्रता.

आपल्या पट्टीला लावून पाहू. एक थर दहा हजारात एकाने आखडू पाहतो, दुसरा तेवढाच वाढू पाहतो. फरक दहा हजारात दोन, त्याची दीडपट दहा हजारात तीन. एकूण जाडी अर्धा मिलिमीटर. वक्रता आली दर मीटरला 0.6, म्हणजे पट्टी सुमारे 1.67 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा झाली. नुसत्या डोळ्यांना ती सरळच दिसेल. पण वक्रतेच्या निम्म्याला लांबीच्या वर्गाने गुणलं की टोकाचं सरकणं मिळतं: 0.27 मिलिमीटर. ज्या थराची लांबी 3 मायक्रॉनने बदलते त्याने टोक 270 मायक्रॉन हलवलं. नव्वदपट.

आता या पट्टीच्या आत डोकावू. टोकावर काही भार नाही, पट्टी निवांत वाकलेली आहे. तरीही आत स्वस्थता नाही. वाढू पाहणारा थर जोडाच्या जागी अजिबात वाढू शकत नाही, म्हणून तिथे तो दाबला जातो. बाहेरच्या पृष्ठभागावर मात्र वाकल्यामुळे त्याला मागितलं होतं त्याच्या दीडपट ताणलं जातं. आखडणाऱ्या थराचं नेमकं उलट. म्हणजे एकाच थरात काही भाग दाबाखाली, काही ताणाखाली, आणि जोडाच्या रेषेवर दाबातून ताणात एकदम उडी. आपल्या आकड्यांत सिरॅमिकमधला ताण जोडाशी सुमारे 6 मेगापास्कल भरतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर त्याच्या निम्मा. शाळेतल्या तुळईच्या चित्रात मधोमध ताण शून्य असतो आणि कडांना सर्वांत जास्त. इथे सर्वांत जास्त मधोमध. अशी पट्टी तुटण्याआधी जोडाशी सुटते, त्याचं एक कारण हे. म्हणूनच पुष्कळ उत्पादक मध्ये पितळेचा किंवा पोलादाचा पातळ पत्रा घालतात. त्याने वाकणं थोडं कमी होतं, पण ठिसूळ सिरॅमिकला पाठीचा कणा मिळतो.

भाराचा हिशेब तुलनेने सोपा आहे. एका टोकाला जखडलेल्या तुळईच्या मोकळ्या टोकावर वजन ठेवलं तर ती किती झुकते, हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पट्टीची रुंदी 2 मिलिमीटर धरली, पीझेडटीचा कडकपणा सुमारे 60 गिगापास्कल धरला, तर टोक एक मिलिमीटर झुकवायला जवळपास 14 ग्रॅम वजनाइतकं बळ लागेल. वीज पट्टीला 0.27 मिलिमीटर वर उचलते, भार तिला खाली ढकलतो, आणि दोन्हींची सरळ वजाबाकी होते. टोकावर 2 ग्रॅम ठेवले तर 0.14 मिलिमीटर गेले, उरले 0.13. सुमारे 3.8 ग्रॅमला सगळंच गेलं. या शेवटच्या बळाला 'अडवलेलं बळ' म्हणू: टोक जागचं हलू दिलं नाही तर पट्टी जास्तीत जास्त एवढंच ढकलू शकते. कंपन्यांच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक छापलेले असतात, मोकळं सरकणं आणि अडवलेलं बळ. दोन्ही खरे असतात, पण एकाच वेळी मिळत नाहीत. पहिला मिळतो तेव्हा बळ शून्य, दुसरा मिळतो तेव्हा सरकणं शून्य. खरं काम या दोन टोकांच्या मधल्या रेषेवर कुठेतरी होतं.

मग पट्टी लांब करावी का? लांबी दुप्पट केली तर सरकणं चौपट होतं आणि बळ निम्मं. जाड करावी का? विद्युतक्षेत्र तेवढंच ठेवून जाडी दुप्पट केली तर बळ चौपट, सरकणं निम्मं. रुंदी वाढवली तर फक्त बळ वाढतं, आणि ब्रेलच्या अडीच मिलिमीटरांत रुंदीला जागाच नाही. या सगळ्या ओढाताणीत एक सुंदर गोष्ट लपलेली आहे. सरकणं आणि बळ यांचा गुणाकार केला तर लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही एकदाच, साध्या गुणाकारात येतात. म्हणजे विद्युतक्षेत्र ठरलं की हा गुणाकार पट्टीच्या घनफळावरच अवलंबून. आकार कसाही द्या, घनफळ तेवढंच असेल तर पट्टीकडून काम तेवढंच निघणार. तुमच्या हाती एवढंच की ते जास्त सरकण्याच्या रूपात घ्यायचं की जास्त बळाच्या. ब्रेलची पेटी आत एवढी खोल का असते, आणि त्या लांब पट्ट्या एकीखाली एक पायऱ्यांसारख्या का रचाव्या लागतात, याचं उत्तर या गुणाकारात आहे. विद्युतक्षेत्र हवं तेवढं वाढवताही येत नाही. ध्रुवणाच्या उलट दिशेने दर मिलिमीटरला काही शे व्होल्टच्या पुढे गेलं की आतले प्रदेश पुन्हा विस्कटतात आणि पट्टी आपला गुणच विसरते.

इथवरचं गणित पोस्टकार्डाच्या मागे मावतं. प्रत्यक्ष पट्टीवर मोजायला बसलं की मात्र आकडे हलायला लागतात.

पहिली अडचण विजेची. पट्टी वाकली की तिच्यात विद्युतभार निर्माण होतो, आणि तो भार वाकण्याला विरोध करतो. तारा एकमेकींना जोडलेल्या असतील तर तो वाहून जातो. तारा मोकळ्या सोडल्या तर जाणार कुठे? म्हणून तीच पट्टी तारा जोडलेल्या असताना कमी कडक आणि मोकळ्या असताना जास्त कडक लागते. मऊ पीझेडटीत हा फरक 18 टक्क्यांच्या आसपास जातो. पण तारा जोडल्या तरी सगळा विरोध संपत नाही, कारण वाकलेल्या थरात जोडापासून पृष्ठभागापर्यंत ताण बदलत जातो आणि त्यामुळे थराच्या आतल्या आत विद्युतक्षेत्रही असमान होतं. वरच्या साध्या सूत्रात आपण ते थरभर सारखं धरलं होतं. ही चूक सुधारली की पट्टी आणखी साडेचार टक्के कडक निघते. ज्याला कडकपणा मोजायचा आहे त्याने तारांचं काय केलं होतं हे वहीत लिहिलं नसेल तर त्याचं मोजमाप कचऱ्यात जमा.

दुसरी अडचण डिंकाची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. पत्त्यांचा कॅट हातात धरून वाकवला तर सहज वाकतो, कारण पत्ते एकमेकांवरून घसरतात. तेच पत्ते चिकटवले तर पुठ्ठ्याचा ठोकळा होतो. आपलं सगळं गणित ठोकळ्याचं आहे, डिंक म्हणजे जाडी नसलेली, कधीच न घसरणारी रेषा असं समजून केलेलं. खरा इपॉक्सीचा थर सिरॅमिकच्या मानाने फारच मऊ असतो, आणि तो थोडा जाड झाला की थर थोडे घसरतातच. एडवर्ड क्रॉली आणि हाव्हिएर दे लुइस यांनी एमआयटीमध्ये केलेल्या कामातून 1987 मध्ये एक लेख आला. तुळईवर चिकटवलेला पिझो तुकडा आपलं बळ तिला कसं देतो, ते त्यांनी डिंकाची जाडी आणि कडकपणा धरून काढलं. डिंक पातळ आणि कडक असेल तर जवळपास सगळं बळ तुकड्याच्या दोन टोकांच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातं, मधला भाग नुसता सोबतीला. डिंक जाड आणि मऊ असेल तर हा पट्टा आत पसरत जातो आणि बळ गळतं. तुकड्याच्या टोकाशी एखादा बुडबुडा राहिला तर किती नुकसान होईल, हे यावरून समजावं.

तिसरी अडचण ऑयलर-बर्नुलींच्या गृहीतकाची. वाकताना छेद सपाट राहत नाही, थरांमध्ये घसरण्याचा ताण, म्हणजे कर्तन, असतो. त्याचा हिशेबही टिमोशेंकोंनीच 1921 मध्ये मांडला. थरांच्या तुळयांसाठी त्यानंतर उंच उंच घातांकांची, तुटक नागमोडी रेषांची अनेक सुधारित सूत्रं आली. या कामात महाराष्ट्राचा वाटा चांगला आहे. आयआयटी मुंबईत तरुण कांत यांनी उच्च कोटीच्या सिद्धांतांवर दीर्घकाळ काम केलं, तर वाय. एम. घुगल आणि आर. पी. शिंपी यांनी 2001 मध्ये थरांच्या तुळयांच्या अशा सिद्धांतांचा आढावा घेतला, तो अभ्यासक आजही उघडतात. विमानाच्या पंखात मऊ फोमचा गाभा आणि दोन्ही बाजूंना पिझोचे तुकडे असतील तर या सूत्रांवाचून पान हलत नाही. पण आपल्या पट्टीची लांबी जाडीच्या साठपट आहे. तिच्यात कर्तनाने पडणारा फरक हजारात एक भागही नाही. अशा बारीक पट्टीवर जडजंबाल सिद्धांत लावून चौथ्या दशांशापर्यंत उत्तर काढणारे प्रबंध निघतात, त्यांत डिंकाचा उल्लेख एका वाक्यात उरकलेला असतो. हे मला तरी उलटं वाटतं.

कारण चौथी अडचण कोणत्याच रेषीय सूत्रात बसत नाही. पीझेडटीला स्मरण असतं. विद्युतदाब 0 वरून 100 व्होल्टवर नेताना 50 व्होल्टला टोक जिथे होतं, तिथे ते परत येताना नसतं. मऊ जातीत ही तफावत एकूण सरकण्याच्या 10 ते 20 टक्के सहज भरते. दाब स्थिर ठेवला तरी टोक मिनिटं-तास हळूहळू सरकत राहतं. शिवाय माहितीपत्रकातला गुणांक अगदी छोट्या विद्युतदाबावर मोजलेला असतो, मोठ्या क्षेत्रात तो वाढतो. त्यामुळे हिशेबापेक्षा पट्टी जास्त वाकली तर हर्षून जाऊ नये. ब्रेलच्या खुंटीला हे सगळं चालून जातं, तिला 'वर' आणि 'खाली' एवढंच कळायचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना नॅनोमीटरने हलवणाऱ्या यंत्राला चालत नाही. तिथे टोकाची जागा सतत मोजून विद्युतदाब दुरुस्त करत राहावं लागतं.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता हे सगळं फायनाइट एलिमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात, आणि करावंही. माझी विनंती एवढीच की संगणक चालू करण्याआधी वरचा एका ओळीचा हिशेब कागदावर करून ठेवा. संगणकाचं उत्तर त्याच्यापासून पाच-सात टक्क्यांनी हटलं तर कारण विद्युतक्षेत्राच्या असमानतेत किंवा मधल्या पत्र्यात शोधा. ते निम्मं किंवा शून्य आलं तर सिद्धांताच्या मागे लागू नका. एखाद्या थराच्या ध्रुवणाची दिशा उलटी भरली आहे का, किंवा त्या थराला वीजच पोचत नाही का, ते आधी बघा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.